चार महिन्यांचं दुपटं

दुष्काळाच्या आठवणीनं हळहळणारे पुष्कळ असतात. गेलेल्या गुरांसाठी, करपलेल्या पिकांसाठी, गाव सोडून गेलेल्या माणसांसाठी त्यांचा जीव तुटतो. माझा जीव तुटतो तो खुद्द त्या दुष्काळासाठी. तो परत यावा असं मी म्हणत नाही. तसं म्हणणाऱ्याच्या जिभेला हाड नाही म्हणावं लागेल. पण यंदा मृग कोरडा गेला, आर्द्राही तशाच निघाल्या, इथं नांदेडात आमच्या गल्लीत नळ पाच दिवसांआड यायला लागला आणि परवा लातूरच्या आमच्या जुन्या शेजारणीच्या सुनेचा फोन आला. "आमच्याकडं तर टँकरबी वक्तावर न्हाई बघा," ती म्हणाली, आणि काळजी वाटायच्या आधी माझ्या पोटात काहीतरी गोड हललं. शाळेत मराठी शिकवता शिकवता केस पांढरे झालेली बाई मी, मला माझीच लाज वाटली.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. वहीवर पत्ता लिहिताना हात सवयीनं 'जिल्हा उस्मानाबाद' लिहून मोकळा व्हायचा आणि मग खोडाखोड करावी लागायची. भूगोलाच्या सरांनी आमच्याकडून नकाशावर नवी हद्द पेन्सिलीनं काढून घेतली. माझी हद्द वाकडी गेली, मुरुड अर्धं जिल्ह्याबाहेर राहिलं, त्याबद्दल मी एक छडीही खाल्ली. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ओला होता, पण गावात ओलं असं तेवढंच होतं. दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. आमच्या शेजारच्या गयामावशी रोजगार हमीवर खडी फोडायला जायच्या. संध्याकाळी ओट्यावर टेकत त्या म्हणायच्या, "जिल्हा आला बया, पर पाणी न्हाई आलं."

माझे अब्बा पटवेकरी होते. पटवेकरी म्हणजे कोण हे आता सांगावं लागतं. सोनार मणी घडवतो, डोरल्याच्या वाट्या घडवतो. ते सगळं रेशमात ओवून, गाठी मारून, मागं गोंडा बांधून बाईच्या गळ्यात घालण्याजोगं करतो तो पटवेकरी. अब्बा जमिनीवर बसायचे, पायाच्या अंगठ्याला रेशमाचा फास अडकवायचे आणि धागा ताणून धरून दोन्ही हातांनी गाठी मारत जायचे. पण हे आम्ही घरी फारसं बघितलेलं नव्हतं. त्यांचं काम फिरतीचं. आज मुरुडचा बाजार, उद्या औशाचा, मग उदगीर, मग थेट देगलूर. खांद्याला पिशवी आणि पिशवीत लाल, काळ्या, हिरव्या रेशमाच्या लडी. महिन्यातून चार दिवस ते घरी असत, त्यातले दोन झोपण्यात जात. मी त्यांची एकुलती एक लेक, पण मला त्यांच्या आवाजापेक्षा त्यांच्या चपला जास्त ओळखीच्या होत्या.

दुष्काळात लग्नं पुढं ढकलली गेली. जी झाली ती दहा माणसांत उरकली, त्यात नवं डोरलं कोण ओवून घेणार? अब्बांची पिशवी खुंटीला लागली आणि अब्बा घरी राहिले. पहिले आठ दिवस त्यांना स्वतःच्या घरात कुठं बसावं हेच कळेना. दारात बसले तर अम्मीची ये-जा अडायची, चुलीपाशी बसले तर धूर लागायचा. शेवटी त्यांनी खिडकीखालचा कोपरा धरला. शाळेतून येताना मी लांबूनच त्या खिडकीकडं बघायची. डोकं दिसलं की पळत सुटायची.

त्याच सुमाराला नव्या कचेरीत आलेल्या एका साहेबांच्या बाई आमच्याकडं आल्या. कोऱ्या साडीचा वास, कपाळावर घाम. त्यांच्या लेकीचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. "बाळासाठी दुपटं हवंय," त्या म्हणाल्या. "पण टाका दिसता कामा नये हं, आणि बाळाच्या अंगाला टोचता तर मुळीच कामा नये." अम्मीचं फूलपत्तीचं काम मोहल्ल्यात नावाजलेलं होतं. कापडाची पानंफुलं कातरायची, त्यांची कड सुईच्या टोकानं आत दुमडायची, नखानं दाबायची आणि दुसऱ्या कापडावर बारीक टाक्यांनी बसवायची, असं ते काम. पांढऱ्या मऊ मलमलीवर मध्ये दोन पोपट आणि भोवती हिरव्या पानांची वेल असं ठरलं. पंधरा दिवसांचं काम, अम्मी म्हणाली.

सुती दोऱ्यानं तिनं पहिलं पान बसवलं आणि लांब धरून बघितलं. पानाच्या कडेनं मुंग्या चालल्यासारखे टाके दिसत होते. तिनं उसवलं. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा मुंग्या. तेव्हा खिडकीखालून आवाज आला.

"रेशम लेके देख."

आमच्या घरात दखनी आणि उंबऱ्याबाहेर मराठी चालायची. अम्मीनं मान वर न करता विचारलं, "तुमारा? गहनों का?"

"पडा तो है पिशवी में. क्या करेगा पडा रहको?"

आणि मग अम्मीनं जी चूक केली ती पटवेकऱ्याच्याच घरात होऊ शकते. तिनं लडीतला धागा जसा होता तसाच सुईत ओवला, चांगला दोन हात लांब. दागिन्याचा धागा तो, तीन-चार पदरांचा, पीळ भरलेला. तो सुईतून निघून स्वतःभोवतीच गुंडाळायला लागला, कापडाला चुण्या पडल्या आणि पोपटाचा डोळा ओढला जाऊन तो चकणा झाला. अब्बा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अगे, वो सोना उठाने का तागा है. तोते में कित्ता वजन है?"

त्यांनी लडी अंगठ्याला लावली, पीळ उलटा सोडला आणि त्यातून एकच पदर बाहेर ओढला. डोळ्यांना जेमतेम दिसेल असा. त्यावरून मेणाचा खडा फिरवला, हातभर लांबीवर तोडला आणि अम्मीच्या हातात दिला. त्या धाग्यानं तिनं पान बसवलं. टाका कापडात शिरला आणि नाहीसाच झाला. पान जणू तिथंच उगवलं होतं. अब्बांनी ते उजेडात धरलं, कडेवरून नख फिरवलं, एकही टाका सापडला नाही. त्यांनी अम्मीकडं जसं बघितलं तसं त्यांना बघताना मी पहिल्यांदाच बघत होते.

त्या दिवसापासून घराचं वेळापत्रक रेशमानं ठरवलं. सकाळी अब्बा दिवसभराचे धागे सोडून ठेवणार, हिरवे वेगळे, लाल वेगळे. दुपारी अम्मी शिवणार. मी सुया ओवून द्यायची. पण रेशीम मोठं मानी. बोटाला जराशी भेग असली तरी तिथं अडकून त्याचे तंतू सुटतात. टँकरवरून घागरी ओढून अम्मीच्या बोटांची चाळण झाली होती. तेव्हा अब्बांनी फर्मान काढलं की दुपटं होईपर्यंत अम्मीनं पाणी भरायचं नाही, भांडी घासायची नाहीत, रोज हाताला खोबरेल लावायचं. पाण्याच्या रांगेत बायकांमध्ये डोक्याला टोपी आणि काखेत घागर घेऊन अब्बा उभे राहायला लागले.

मोहल्ल्यात त्यांची जी टिंगल झाली ती काय सांगावी. गयामावशी तर रांगेतूनच ओरडायच्या, "का ओ पटवेकरी, बायकोला मेंदी लावून बशिवलं काय?"

"न्हाई गयाबाई, रेशीम लावून बशिवलंय," अब्बा सांगायचे. सगळी रांग हसायची आणि मी मागं छोटी कळशी घेऊन उभी असायची, ऐटीत.

गयामावशींना एकदा ते काम करून बघायचं होतं. त्या वाकळी सुरेख शिवायच्या, जाड दोऱ्यानं, मुठीएवढ्या सुईनं. अम्मीनं त्यांच्या हातात रेशीम दिलं. खडी फोडलेल्या बोटांना ते लागलं मात्र, तिथंच धरून बसलं, सुटेना. मावशी हसल्या. "माझ्या हाताला रेशीम सोसना गं बाई," म्हणाल्या, आणि अम्मीनं एक एक तंतू हळूच सोडवला. जाताना त्यांनी खिडकीखाली बसलेल्या अब्बांकडं बघून म्हटलं, "तुझा माणूस डोळ्यांम्होरं हाय, ह्येच लई हाय." त्यांचा नवरा ऊसतोडीला गेला होता तो दोन वर्षं परतला नव्हता.

अम्मी-अब्बांची भांडणंही त्या दिवसांत रेशमावरूनच व्हायची. पटवेकऱ्याची शान गाठीत. गाठ अशी गोल आणि रेखीव बसली पाहिजे की बघणाऱ्यानं म्हणावं, कुणी मारली? अम्मीच्या कामात गाठ दिसली की काम फुकट; ती गाठ पानाच्या पोटात लपवायची. "गाठ दिखी तो मेरी इज्जत जाती," ती म्हणायची. "नै दिखी तो मेरी," ते म्हणायचे. मग दोघंही आपापल्या कामाला लागायचे आणि थोड्या वेळानं कुणीतरी चहा मागायचं. भांडणारे आईबाप बघून माझ्या मैत्रिणी घाबरायच्या. मला मात्र ते ऐकत अभ्यास करायला फार आवडायचं.

अशात नांदेडहून पोस्टकार्ड आलं. तिथं अब्बांचे थोरले भाऊ होते, आम्ही त्यांना बडे अब्बा म्हणायचो. सराफ्याजवळ त्यांची पटवेकऱ्याची बैठक होती. तेलंगणातून माणसं लग्नाचे दागिने ओवून घ्यायला येतात, हात कमी पडतात, तू निघून ये, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांच्या घरी दोन खोल्यांत नऊ माणसं राहायची, तेव्हा अम्मीनं आणि मी जायचा प्रश्नच नव्हता. अब्बांनी कार्ड दोनदा वाचलं आणि अम्मीला म्हणाले, "ये दुपटा हुआ की जाता मैं." अम्मी "हौ" म्हणाली. तागे सोडून द्यायला ते लागत होते ना, म्हणून दुपटं होईपर्यंत.

मी तेरा वर्षांची होते. हिशोब सोपा होता. दुपटं झालं की अब्बा जाणार.

दुसऱ्या दिवशी अब्बा टँकरवर गेलेले आणि अम्मी दुपारची, जुहरची नमाज पढत असताना मी सुई उलटी धरली, नेढ्याच्या बाजूनं एक टाका उचलला आणि ओढला. सुती दोरा उसवला तर कापडावर भोकांची रांग राहते, चोरी लगेच कळते. रेशीम तसं नाही. ते सुळकन निघून आलं आणि खाली मलमल जशीच्या तशी. पान सुटून माझ्या मांडीवर पडलं. मी ते परत जागेवर ठेवलं, एक टाका अडकवला, म्हणजे आपोआप सुटल्यासारखं वाटावं. निघालेला धागा चुलीत टाकला. त्याचा केस जळल्यासारखा वास सुटला आणि आतून अम्मीचा आवाज आला, "कौन बाल जला रा?" मी झटकन चुलीपासून लांब सरकले. पण ती बाहेर आली, पान बघितलं आणि मला सुई ओवायला सांगितली.

मग मी चटावलेच. एका दिवसाआड एक पान. कधी टोकाचं, कधी देठापाशी. अम्मी परत शिवायची. बाई चौकशीला यायच्या आणि दुपटं जिथल्या तिथं. लेक बाळंत झाली, बारसं झालं, बाई चिडल्या नाहीत, पण त्यांनी एकदा टोमणा मारलाच. "अहो, बाळ आता पालथं पडायला लागलं. शाळेत जाताना पांघरणार आहे का ते दुपटं?" अम्मीनं खाली मान घालून सांगितलं, "रेशमाचं काम हाय बाई, हळूच होतं." अब्बांना मात्र तिनं माझ्यासमोर सुनावलं. तुमचा तागा फिसलतो, म्हणाली. अब्बांचा चेहरा पडला. त्यांच्या धाग्याला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. मला वाटलं, सांगून टाकावं. नाही सांगितलं. त्यांच्या अब्रूपेक्षा मला ते घरात हवे होते, एवढी मी स्वार्थी होते.

एके दिवशी अम्मीनं दुपटं मांडीवर घेतलं तर दोन पानं सुटलेली. एक कोपऱ्यातलं, ते माझं काम. दुसरं पोपटाच्या शेपटीजवळचं. त्याला मी हात लावला नव्हता. मी अम्मीकडं बघितलं. ती पानावर बोट फिरवत होती. "आज दो छूटे," ती म्हणाली. "रेशम है, छूटताच," अब्बा खिडकीखालून म्हणाले, वर न बघता. मला उलगडा झाला. अम्मीच उसवत होती! तिलाही अब्बा जायला नको होते. त्या दिवसापासून अम्मी मला आईपेक्षा मैत्रीणच जास्त वाटायला लागली. पुढंही कधी एक, कधी दोन पानं सुटत राहिली.

वेल पुरी झाल्यावर खाली जुन्या धोतराचा थर आणि त्याखाली मलमल लावून तिन्ही थर रेशमानंच धावदोऱ्याच्या ओळींनी बांधायचे होते. ते काम उसवायला माझा हात धजेना. एवढ्यात बाईंच्या साहेबांच्या बदलीचा हुकूम आला. परवा ट्रक लागणार, जसं असेल तसं द्या, असा निरोप आला. दोन दिवस अम्मी जेवायला सोडून उठली नाही. अब्बा धागे सोडत होते, मी ओवत होते. पंधरा दिवसांचं दुपटं चार महिन्यांनी घडी होऊन ट्रकमध्ये गेलं. टाका कुठंच दिसत नव्हता, बाई खूष होत्या.

तिसऱ्या दिवशी अब्बा निघाले. मी आणि अम्मी स्टँडवर गेलो. नांदेडच्या गाडीत खिडकीशी बसून ते कंडक्टरला हसत हसत म्हणाले, "चलो, छूटे एकदा." गाडी हलली तरी ते हसतच होते. ते वाक्य आणि ते हसू मी मनात घट्ट बांधून ठेवलं.

कामापुरता गेलेला माणूस तिकडचाच झाला. ईदला यायचे, पैसे पाठवायचे, पत्र लिहायचे. पुढं मी डी.एड. केलं, देगलूर तालुक्यात नोकरी लागली, मग नांदेडला बदली झाली. अब्बांची खोली माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. पण मी सणासुदीला शीरखुर्म्याचा डबा घेऊन जायची आणि डबा रिकामा झाला की उठायची. "बैठ ना जरा," ते म्हणायचे. मला पेपर तपासायचे असायचे. अम्मीनं आणि मी ज्यांना धरून ठेवायचा इतका आटापिटा केला, ते हसत गेले होते; मग आता कशाला बसायचं? असा माझा रुसवा. ते वारले तेव्हा मी शाळेत वर्गावर होते. त्यानंतर अम्मी लातूर सोडून माझ्याकडं राहायला आली.

परवा तो फोन ठेवल्यावर मी तिच्या खाटेवर जाऊन बसले. वीज गेली होती, ती पदरानं वारा घेत होती. काय वाटलं कोण जाणे, इतक्या वर्षांनी मी कबूल केलं. "अम्मी, वो दुपटे के पत्ते मैं उधेडती थी."

"मालूम है," ती म्हणाली.

"और तुम बी."

तिनं वारा घ्यायचं थांबवलं. "मैं? मैं कायकू? अपनी सिलाई कोई आप उधेडती क्या?"

"फिर दूसरा पत्ता?"

"तेरे अब्बा," ती म्हणाली, अगदी भाजीचा भाव सांगावा तशी. "सुबू, फजर की नमाज के बाद. मैं आँख मूंदको पडी रहती थी. पत्ता छुडाते, तागा उंगली पे लपेटते, टोपी में रख लेते. पटवेकरी तागा फेंकता क्या कबी?"

 मला सुचलं ते एवढंच की दहा मिनिटांवर राहणाऱ्या माणसापाशी मी कधी अर्धा तास बसले नाही. रडू आलं, आणि रडण्याहून मोठा राग आला, माझाच. ते गाडीत कुणासाठी हसले होते हे मला तेव्हा कळायला हवं होतं. समोर मी उभी होते, ओठ घट्ट आवळून.

"तुमने कुच बोले कायकू नै?" मी अम्मीला विचारलं. "दोनो उधेड रहे थे, और तुम एकली सीती बैठी."

अम्मीनं पदर पुन्हा हलवायला घेतला. "क्या बोलती? मैं बी तो आहिस्ताच सीती थी," ती म्हणाली. "मेरेकू कौनसी जल्दी थी?"